घरातील स्क्रीन आणि मुलांच्या सवयी

ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाच्या २०२४ सालच्या आवृत्तीत १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींना स्मार्टफोनविषयी काही प्रश्न विचारण्यात आले होते. त्यांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि सुमारे ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. ज्यांना तो वापरता येत होता त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासाशी संबंधित एखाद्या कामासाठी केला होता, तर समाजमाध्यमांसाठी तो वापरणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्के होते. हे आकडे शहरांचे नसून खेड्यांचे आहेत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. फोन घरात आणावा की आणू नये, हा प्रश्न बहुतेक कुटुंबांपुरता निकालात निघालेला आहे. उरला आहे तो त्याच्या वापराला वळण लावण्याचा प्रश्न, आणि तो शाळेपेक्षा घरातच अधिक सुटतो किंवा बिघडतो.

ठरावीक प्रसंग आला की फारसा विचार न करता आपोआप घडणारी कृती म्हणजे सवय. तिला प्रसंगाची खूण लागते, कृती सहज हाताशी असावी लागते आणि कृतीनंतर काहीतरी सुखद मिळावे लागते. जेवणाचे ताट समोर आले की मोबाइल मागणारे मूल, गृहपाठाची वही मिटताच टीव्हीचा रिमोट शोधणारे मूल किंवा अंथरुणावर पडल्याबरोबर रील पाहू लागणारा किशोर यांच्या बाबतीत हे तिन्ही घटक जुळून आलेले असतात. मात्र फोन रात्री कोणत्या खोलीत चार्जिंगला लावायचा, टीव्ही किती वाजता लागतो, घरी आलेले वडील प्रथम मुलाशी बोलतात की फोनशी, या गोष्टी मूल ठरवत नाही. सवय मुलाच्या अंगी दिसत असली तरी तिची मांडणी घरातील मोठी माणसे करतात. म्हणून मुलाच्या तंत्रज्ञानविषयक सवयी सुधारण्याचे काम घराच्या दिनक्रमापासून सुरू व्हावे लागते, आणि त्या दिनक्रमात मोठ्यांचाही समावेश असावा लागतो.

याचा सर्वांत स्पष्ट प्रत्यय आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत येतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात मूलगामी ठरतो. इंग्रजी भाषक घरांतील नऊ महिन्यांच्या आसपासच्या बाळांचे गट करून एका गटाशी मँडरिन चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष समोर बसून खेळली आणि तिने गोष्टींची पुस्तके वाचून दाखवली. दुसऱ्या गटाला तेच सारे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखवले गेले, तर आणखी एका गटाला केवळ त्याचा आवाज ऐकवला गेला. बारा बैठकांनंतर प्रत्यक्ष सहवास लाभलेल्या बाळांना मँडरिनमधील खास ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले, परंतु पडद्यावरून किंवा ध्वनिफितीवरून तीच भाषा ऐकलेल्या बाळांना त्याचा लाभ झालेला दिसला नाही. शब्द तेच होते, आवाज तोच होता. नव्हती ती फक्त बाळाच्या नजरेला नजर देणारी, त्याच्या हुंकाराला उत्तर देणारी व्यक्ती. बालगीतांचे व्हिडिओ लावून दिले की बाळ बोलायला लवकर शिकते, या समजुतीला त्यामुळे आधार उरत नाही.

याच वयाविषयीचा दुसरा, त्याहून जुना प्रयोग एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाचा आहे. १९७० च्या दशकात केलेल्या या प्रयोगात आईने बाळाशी नेहमीप्रमाणे हसत-बोलत खेळायचे आणि मग काही मिनिटे त्याच्याकडे पाहत असूनही चेहरा निर्विकार ठेवायचा, अशी योजना होती. बाळे प्रथम हसून, हात हलवून आईचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न करीत आणि प्रतिसाद न मिळाल्यास अस्वस्थ होऊन तोंड फिरवीत किंवा रडू लागत. त्या काळी स्मार्टफोन नव्हते. पण फोनमध्ये डोके घातलेल्या आईबापाचा चेहरा बाळाला असाच निर्विकार दिसत असणार, हे ओळखून पुढील संशोधकांनी पालकांच्या फोनवापरालाच अभ्यासाचा विषय केले. बाळाने स्क्रीन पाहावी की नाही, याची चर्चा भरपूर होते. बाळाकडे पाहायचे सोडून मोठ्यांनी स्क्रीन पाहावी का, याची चर्चा मात्र कमी होते. वास्तविक पाहता दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्ष पूर्ण होईपर्यंत, आणि त्यानंतर दोन वर्षांपर्यंतही, बैठ्या अवस्थेत स्क्रीन पाहणे अजिबात नसावे आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ते दिवसाला एक तासाहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या ‘इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ या संघटनेची शिफारसही याच्याशी मिळतीजुळती आहे: दोन वर्षांखालील बाळाला स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या सोबतीने जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलाला दोन तासांपेक्षा कमी. पहिल्या नियमाला एक अपवाद आहे, तो म्हणजे आप्तांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. पुण्यातील नातवंडाने न्यू जर्सीतील आजीशी बोलणे हे संभाषण असते, कारण पलीकडची व्यक्ती त्याच्या बोबड्या बोलाला उत्तर देत असते.

मराठी घरांतून या शिफारसी सर्वांत जास्त मोडतात त्या घास भरवताना. चिऊ-काऊचा घास करून, गॅलरीत किंवा अंगणात नेऊन मुलाला जेवू घालण्याची रीत वेळखाऊ होती, हे खरे. परंतु तिच्यात मुलाचे लक्ष ताटाकडे, चवीकडे आणि भरवणाऱ्या माणसाकडे असे. व्हिडिओ पाहत असताना तोंडात गेलेला घास मूल गिळते, पण भूक आणि तृप्ती यांची जाणीव त्याला त्या वेळी राहत नाही, आणि काही महिन्यांतच फोनवाचून तोंड उघडायचेच नाही अशी गाठ पडते. रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी फोन देण्याचेही तसेच. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २०२२ मध्ये दाखवून दिले की, शांत करण्यासाठी ज्यांना वारंवार उपकरण दिले जाते अशा काही मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये आणि मुळात अधिक चंचल असलेल्या मुलांमध्ये, पुढे भावनांचा उद्रेक वाढलेला आढळतो. राग येणे, तो सहन करणे आणि तो ओसरेपर्यंत थांबणे हे कौशल्य मूल सरावानेच शिकते. प्रत्येक वेळी फोन पुढे केला तर तो सराव घडतच नाही. प्रवासात किंवा दवाखान्यात एखाद्या वेळी फोन दिल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते हा एकमेव उपाय होऊन बसला म्हणजे.

मूल शाळेत जाऊ लागले, स्वतः बोटाने स्क्रीन सरकवू लागले, की एक नवा घटक पुढे येतो, तो म्हणजे उपकरणांवरील अ‍ॅपची रचना. जुन्या काळी दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम ठरल्या वेळी संपत असे, पुस्तकाचे प्रकरण संपत असे, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येत असे. अशा प्रत्येक शेवटाला थांबावे की पुढे जावे, याचा निर्णय घ्यायला जागा होती. अझा रास्किन या अमेरिकी संरचनाकाराने २००६ मध्ये तयार केलेल्या आणि आता सर्वत्र रूढ झालेल्या न संपणाऱ्या पानाच्या रचनेने ती जागाच काढून घेतली; रास्किन यांनी पुढे स्वतःच तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होणे हा त्याच रचनेचा दुसरा प्रकार. याच्या जोडीला अनिश्चित बक्षिसाचे तत्त्व येते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले होते की, कळ दाबल्यावर दाणा दर वेळी मिळण्याऐवजी कधी मिळेल हे सांगता येत नसेल, तर प्राणी ती कळ अधिक वेगाने आणि दाणा मिळणे थांबल्यावरही दीर्घ काळ दाबत राहतो. पुढची रील मजेशीर असेल की कंटाळवाणी, टाकलेल्या फोटोला किती जणांची पसंती आली असेल, ही अनिश्चितता बोटाला तशीच गुंतवून ठेवते. आवेग आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, हे लक्षात घेतले तर दहा वर्षांच्या मुलाला ‘तुला स्वतःला कळत नाही का?’ असे रागावून विचारणे किती अन्यायाचे आहे, हे उमजते. ज्या रचनेपुढे चाळिशीची माणसे मध्यरात्रीपर्यंत हरतात, तिच्यापुढे मुलाच्या मनोनिग्रहाची परीक्षा घेण्याऐवजी ती रचनाच बदलणे शहाणपणाचे: आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करणे, नोटिफिकेशन म्हणजे अ‍ॅपकडून येणाऱ्या सूचना थांबवणे, आणि ‘वीस मिनिटे पाहा’ असे सांगण्यापेक्षा ‘दोन भाग पाहा’ असे सांगणे. मुलाला मिनिटांपेक्षा गोष्टीचा शेवट अधिक नीट कळतो.

शरीरावर होणाऱ्या परिणामांपैकी झोपेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्र झाल्याचा संदेश देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक संध्याकाळनंतर शरीरात वाढू लागते आणि उजेडाने, त्यातही निळसर उजेडाने, त्याची निर्मिती मंदावते. लहान मुलांचे शरीर या बाबतीत प्रौढांपेक्षा अधिक संवेदनशील असते. तथापि, फोनचा रंग पिवळसर केला की काम भागले असे मानणे भाबडेपणाचे आहे, कारण झोप उडवण्यात उजेडाइतकाच वाटा मनात उठणाऱ्या खळबळीचा असतो: वर्गाच्या ग्रुपवर चाललेले भांडण, अर्धवट राहिलेला खेळाचा डाव, उत्तराची वाट पाहणारा संदेश. रात्री सर्वांचे फोन, आईवडिलांचेही, झोपण्याच्या जागेपासून दूर, स्वयंपाकघरात किंवा दिवाणखान्यात चार्जिंगला लावणे आणि गजरासाठी साधे घड्याळ विकत आणणे हा उपाय अतिशय साधा आहे, आणि घरातील एकच नियम पाळणे शक्य असेल तर तो हा असावा.

डोळ्यांच्या बाबतीत थोडी वेगळी समजूत आवश्यक आहे. मुलांमधील लघुदृष्टीदोष, म्हणजे लांबचे अंधुक दिसणे, वाढण्यामागे जवळून पाहण्याचे तास जितके कारणीभूत आहेत, तितकेच घराबाहेरच्या उजेडातील कमी झालेले तासही आहेत. चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा प्राथमिक शाळांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही शाळांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त मैदानात नेले. तीन वर्षांनंतर त्या मुलांत लघुदृष्टीदोषाचे प्रमाण सुमारे ३० टक्के, तर इतर शाळांत सुमारे ४० टक्के होते. म्हणजे फोन काढून घेऊन मुलाला शिकवणी वर्गाच्या बंद खोलीत बसवले, तर डोळ्यांचा फायदा फारसा होत नाही. मैदान, अंगण किंवा निदान सोसायटीचे आवार मिळाले तर होतो.

नियम कसा असावा, याचे एक उद्बोधक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार लोकवस्तीचे गाव. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या, वर्ग मोबाइलवर भरू लागले आणि अभ्यासासाठी म्हणून हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना. मुले वाचन-लेखनाला कंटाळतात, शाळेआधी आणि शाळेनंतर फोनमध्येच असतात, असे शिक्षकांच्या ध्यानात आले. त्यातून ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, ग्रामस्थांनी ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजेल आणि साडेआठ वाजेपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे, अशी अपेक्षा होती. पुढे देशी-परदेशी वृत्तमाध्यमांनी या गावाची दखल घेतली.

या निर्णयाकडे केवळ कौतुकाने पाहण्यापेक्षा तो कोणत्या पायावर उभा होता, हे पाहणे अधिक उपयुक्त आहे. पहिली गोष्ट म्हणजे तो गावातील सर्वांना लागू होता. मुलाने आत अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी बाहेर मालिका पाहायची, हा दुटप्पीपणा त्यात नव्हता. गावातल्या बहुतेक घरांना अभ्यासाची वेगळी खोली नसल्यामुळे टीव्ही चालू असताना अभ्यास होणेच कठीण होते, आणि ही अडचण ओळखली गेली होती. दुसरी गोष्ट, वेळ ठरलेली होती. रोज नव्याने हुज्जत घालण्याचे कारण उरले नव्हते, कारण ‘बंद कर’ हे आईच्या ऐवजी भोंगा सांगत होता. तिसरी, शेजारच्या घरातही तेच चालू असल्याने ‘सगळे बघतात, मलाच का नाही?’ या मुलांच्या नेहमीच्या आणि खऱ्याही तक्रारीला जागा नव्हती. आणि चौथी, कदाचित सर्वांत महत्त्वाची: बंदी अल्पकाळाची होती आणि त्या काळात करायचे काय, हेही सांगितलेले होते. साडेआठनंतर फोन पुन्हा सुरू करता येत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर सरसकट बंदी घालण्याचा ठराव केला. त्यामागची कळकळ तितकीच खरी होती. परंतु केवळ मुलांवर घातलेली संपूर्ण बंदी त्यांना फोन जपून वापरण्याचा सराव देत नाही आणि मोठ्यांना काहीच बदलायला लावत नाही, म्हणून तत्त्वतः वडगावचा मार्ग अधिक टिकाऊ मानायला हवा.

शहरातील सदनिकेत गावाचा भोंगा नसतो, पण त्याचे चारही गुण आणता येतात. दिवेलागणीनंतरचा एक तास, जेवणाची वेळ आणि झोपेआधीचा तास यांपैकी कोणतीही एक वेळ सर्वांच्या संमतीने निवडून ती काटेकोर पाळावी; एकदम तिन्ही घेतल्या तर पंधरवड्यात सारेच ढासळते. आजी-आजोबांच्या मालिकेची वेळ या नियमाच्या आड येते, आणि मराठी घरांत हा पेच नाजूक असतो. तेव्हा त्यांना नियम सुनावण्याऐवजी नियम ठरवतानाच सोबत घ्यावे, त्यांच्या मालिकेची वेळ वगळून उरलेली वेळ निवडावी आणि त्या तासाची सूत्रे शक्यतो त्यांच्याकडेच द्यावीत. पत्ते, सापशिडी, कॅरम, भाजी निवडायला मदत, पाढे, गोष्ट: रिकामा केलेला तास भरून काढणारे काही नसेल तर मूल घड्याळाकडे पाहत बसते आणि नियम म्हणजे शिक्षा, असा अर्थ काढते. मुंबईतील चाळीत किंवा एका खोलीच्या घरात ‘मुलाच्या खोलीत फोन नको’ या परदेशी सल्ल्याला अर्थ नाही. तिथे खोली नसतेच. पण त्याचा एक फायदाही असतो, मूल काय पाहते ते सहज दिसते, आणि कानाला हेडफोन न लावता फोन वापरायचा एवढी अट घातली तरी पुष्कळ काम होते.

अनेक कुटुंबांत मुलाचा स्वतंत्र फोन नसून आईचा किंवा वडिलांचाच फोन सर्व जण वापरतात, आणि या वापराचे धोके वेगळे आहेत. तो फोन प्रौढाच्या नावे असल्यामुळे त्यावरील व्हिडिओच्या शिफारसी, जाहिराती आणि शोधाचे निकाल प्रौढासाठी निवडलेले असतात. कार्यालयाच्या ग्रुपवर आलेला ओंगळ व्हिडिओ, अपघाताचे दृश्य किंवा कर्जाची जाहिरात आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर सहज येते. त्याच फोनवर बँकेचे अ‍ॅप आणि यूपीआय असते. अशा फोनवर पैशांच्या अ‍ॅपला वेगळे कुलूप घालावे, पिन मुलाला सांगू नये, अ‍ॅपच्या दुकानातून खरेदी करताना पासवर्ड मागितला जाईल अशी व्यवस्था करावी आणि लहान मुलासाठी व्हिडिओचे बालकांकरिता असलेले वेगळे अ‍ॅप ठेवावे. मुलाला स्वतंत्र उपकरण देण्याची वेळ येईल तेव्हा अँड्रॉइडवर गूगलची फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइम या विनामूल्य सोयी आहेत. त्यांतून अ‍ॅपची परवानगी, वेळेची मर्यादा आणि रात्रीची बंदी ठरवता येते. मात्र ही साधने मुलाला सांगून लावावीत. पाळत गुपचूप ठेवली आणि ती उघडकीला आली, की मूल दुसऱ्याच्या फोनवरून, दुसऱ्या नावाने तेच करू लागते. आणखी एक गोष्ट येथे नोंदवणे भाग आहे. ‘असर’च्या त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांकडे, तर अशा मुलींपैकी सुमारे २७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलीचा फोन काढून घ्यायचा आणि मुलग्याला मोकळा सोडायचा, ही रीत मुलीला सुरक्षित करत नाही. ती तिला फक्त अडाणी ठेवते, आणि मुलग्याला काहीच शिकवत नाही.

खेळांच्या नादाविषयी थोडक्यात सांगता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला महत्त्व मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे ही तिची लक्षणे असून साधारणतः वर्षभर ती टिकली तरच हे निदान होते. रोज तासभर खेळून अभ्यास, मित्र आणि झोप सांभाळणाऱ्या मुलाला व्यसनी ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. ज्यांना खरोखर मदत लागते त्यांच्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या निरोगी वापराविषयीचे स्वतंत्र उपचार केंद्र चालते. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. पण साध्या खेळातही आत काय आहे ते न सांगता विकली जाणारी बक्षिसांची पेटी असतेच, आणि ती जुगाराच्याच तत्त्वावर चालते, हे मुलाला एकदा शांतपणे समजावून सांगण्यासारखे आहे.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. अनोळखी प्रौढाने मुलाशी ऑनलाइन मैत्री करणे, खेळातून किंवा समाजमाध्यमातून त्याचा विश्वास मिळवणे, त्याचे एकटेपण हेरून ‘हे घरी सांगू नकोस’ असे गुपित तयार करणे आणि मग फोटो किंवा भेट मागणे ही पद्धत जगभर सारखीच आढळते. फोटो एकदा मिळाला की तो पसरवण्याची धमकी देऊन आणखी फोटो किंवा पैसे उकळले जातात. या साखळीत गुन्हेगाराचे सर्वांत मोठे बळ असते मुलाची भीती: आईबाबा रागावतील, फोन काढून घेतील, शाळा सोडावी लागेल. जे घर लहानसहान चुकीबद्दल फोन जप्त करते, ते नकळत या भीतीला खतपाणी घालते. म्हणून मुलाला आधीच, काहीही घडलेले नसताना, स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे की ऑनलाइन काहीही विचित्र घडले आणि त्याने ते घरी सांगितले, तर त्याच्या वाट्याला शिक्षा येणार नाही आणि केवळ सांगितल्यामुळे त्याचा फोन जाणार नाही. हे वचन पालकांनी दिले की ते पाळावेही लागते. अनोळखी माणसाला नाव, शाळा, पत्ता, फोटो आणि ओटीपी द्यायचा नाही, कॅमेऱ्यासमोर कपडे काढायला सांगणारा माणूस ओळखीचा असला तरी तिथेच संभाषण तोडायचे, ब्लॉक आणि तक्रार कशी करायची, खाते खासगी कसे ठेवायचे, हे सारे रस्ता ओलांडायला शिकवावे तसे हात धरून, प्रत्यक्ष फोनवर करून दाखवून शिकवावे लागते.

मुलांच्या माहितीची काळजी घ्यायची तर पालकांनी स्वतःच्या हातालाही थोडा लगाम घालावा. बारशापासून पहिलीच्या प्रवेशापर्यंत मुलाचा प्रत्येक प्रसंग स्टेटसवर टाकण्याच्या हौसेत शाळेचा गणवेश, घराचा परिसर, जन्मतारीख आणि येण्याजाण्याच्या वेळा अनोळखी लोकांच्या हाती जातात. बऱ्याच समाजमाध्यमांनी ठेवलेली तेरा वर्षांची अट अमेरिकेतील १९९८ च्या बाल-गोपनीयता कायद्यातून आलेली आहे. मुलाच्या मानसिक वाढीचे ते मोजमाप नव्हे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे आणि बालकांचा माग काढण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी लागू केली. कायदे असे पुढे सरकत असताना दहा वर्षांच्या मुलाचे खाते खोटी जन्मतारीख घालून पालकांनीच उघडून देणे, ही त्याला दिलेली खोटेपणाची पहिली शिकवण असते, आणि ती टाळणे पूर्णपणे घराच्या हातात आहे.

प्रसंग ओढवलाच तर काय करावे, हे आधी माहीत असावे. घाबरून संदेश पुसून टाकू नयेत. त्यांचे स्क्रीनशॉट आणि खात्याचे नाव जपून ठेवावे, धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत आणि उत्तरही देऊ नये. मात्र मुलाचे अश्लील छायाचित्र पुरावा म्हणून किंवा इतरांना सावध करण्यासाठीही कोणत्याच ग्रुपवर पाठवू नये, कारण असे साहित्य पुढे पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब या कलमाखाली गुन्हा आहे. अमेरिकेतील बेपत्ता व शोषित बालकांच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाऊन’ ही विनामूल्य सेवा छायाचित्र न पाठवता केवळ त्याचा संगणकीय ठसा घेते आणि सहभागी समाजमाध्यमांवरून ते हटवण्यास मदत करते. भारतातील मुलांनाही ती वापरता येते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याच कायद्याने मुलाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ ही चोवीस तास चालणारी विनामूल्य हेल्पलाइन आहे, आर्थिक फसवणूक आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक पालकांनी मुलाकडून आजच पाठ करून घ्यावेत.